अकरा म्हणायचे की चार?

यंदाच्या फेब्रुवारीत एका रविवारी मी गंगेवर होते, आणि तिथून परत आल्यापासून एकच प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसलाय, की त्या दिवशी आम्ही नक्की किती डॉल्फिन बघितले. भाची म्हणते अकरा. नाववाले चाचा म्हणाले चार. दोघं एकाच नावेत होते, एकाच पाण्याकडे बघत होते आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ बिहारमध्ये कहलगावला असतो, भागलपूरच्या पुढे. वीज प्रकल्पात नोकरी. कित्येक वर्षं तो "ताई ये, ताई ये" करत होता आणि मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होते, मग रिटायर झाले आणि सबबच संपली. मुंबईहून भागलपूरची गाडी पकडली, सोबत धपाटे, शेंगांची चटणी, आणि समोरच्या बर्थवर भिवंडीत लूमवर काम करणारी तिकडचीच दोन पोरं, सुट्टीला घरी चाललेली. कशाला चाललात विचारलं तर म्हणलं डॉल्फिन बघायला. त्यांना डॉल्फिन पटकन कळेना. मग एकदम एकाच्या चेहऱ्यावर उजेड पडला, "अच्छा, सोंस! सोंस देखने इतना दूर से?" आणि मग रात्री अकरापर्यंत तो मला त्याच्या घाटावरच्या सोंसबद्दल सांगत होता, आपल्या घरच्या म्हशीबद्दल सांगावं तसं.

सोंस. हा शब्द भावाने फोनवर पहिल्यांदा सांगितला तेव्हा मला आधी सुसरच आठवली होती. मी सांगलीची. कृष्णेत भिलवडी, औदुंबर त्या पट्ट्यात मगरी आहेत आणि आमच्याकडची जुनी माणसं मगर म्हणत नाहीत, सुसर म्हणतात. लहानपणी घाटावर पाण्यात पाय सोडून बसलं की आजी ओरडायची, "पाय वर घे, सुसर ओढंल!" नंतर कळलं की दोन्ही शब्द एकाच मुळाचे, संस्कृत शिशुमार. तो शब्द झिजत झिजत गंगेकाठी डॉल्फिनला चिकटला आणि कृष्णेकाठी मगरीला. गंगेकाठची माणसं मात्र वेगळं सांगतात, तो वर येऊन श्वास सोडतो तेव्हा सूंऽस असा आवाज होतो म्हणून सोंस. एकदा तो आवाज ऐकल्यावर मलाही तेच खरं वाटायला लागलंय.

सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा साधारण ६० किलोमीटरचा पट्टा म्हणजे विक्रमशिला गांगेय डॉल्फिन अभयारण्य, १९९१ साली जाहीर झालेलं. नाव जवळच्याच विक्रमशिला महाविहारावरून, पाल राजा धर्मपालाने उभारलेलं, त्याचे अवशेष कहलगावपासून जवळच अंतीचकला आहेत. आपल्या डोक्यात अभयारण्य म्हटलं की गेट, तिकीट, जिप्सी असं येतं. इथे तसं काही नाही, वाहती नदी आहे, तिच्यावर घाट आहेत, घाटावर लोक आंघोळी करतात, कपडे धुतात, प्रेतं जाळतात, मासे धरतात, पलीकडच्या दियाऱ्यात म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटांवर शेती करतात, आणि या सगळ्याच्या मधोमध देशाचा राष्ट्रीय जलचर राहतो. २००९ साली त्याला तो मान मिळाला.

सकाळी सहाला घाटावर पोचलो तर समोर नदीच नव्हती. धुकं इतकं की नावेचं दुसरं टोक दिसेना. चाचा शेकोटीजवळ उकिडवे बसलेले, म्हणाले, "कुहासा छँटने दीजिए दीदी, ऊ लोग कहीं नहीं जा रहा है." ऊ लोग. ते लोक. दिवसभर चाचा त्यांना असंच म्हणत होते आणि मला ते फार आवडलं.

धुक्यातच आम्ही पहिला ऐकला. दिसायच्या खूप आधी. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढल्यावर जी हवा सुटते ना, तसा आवाज, पण ओला आणि क्षणात संपणारा. भाची माझा हात धरून, "आत्या, काय होतं?" आणि मी काही बोलायच्या आत दुसऱ्या बाजूने पुन्हा. माझ्या अंगावर काटा आला. समोर पांढरं धुकं आणि त्याच्या आत कुणीतरी मोठं जित्राब श्वास घेतंय.

साडेआठच्या सुमारास उजेड मोकळा झाला आणि कहलगावचे ते तीन खडक दिसायला लागले, नदीच्या पात्रात मधेच उभे, झाडं आणि मंदिरं अंगावर घेऊन. पाणी त्या खडकांना आदळून मागे वळतं, भोवरे होतात, तळ खोल खणला जातो. आपण ज्याला डोह म्हणतो तेच. अशा जागी मासे गोळा होतात आणि माशांमागे सोंस. चाचांनी खडकांच्या अलीकडेच इंजिन बंद केलं आणि म्हणाले, आता "हल्ला" म्हणजे गोंगाट नाही करायचा. मग नुसतं वल्हं, तेही अधूनमधून.

डॉल्फिन म्हटलं की आपल्याला गोव्याचे किंवा तारकर्लीचे आठवतात, बोटीच्या पुढे उड्या मारणारे, शिट्टीला टाळ्या मिळवणारे. हा त्यातला नाही. करडी, ओल्या दगडासारखी पाठ वर येते, तिच्यावर धड पंखही नाही, नुसता एक बुटका उंचवटा, आणि एक सेकंद होतो न होतो तोवर पाणी बंद. तुम्ही "ते बघ" मधलं "ते" म्हणेपर्यंत खेळ आटोपलेला. भावाने मोठ्या कौतुकाने नवा कॅमेरा आणला होता, दिवसअखेर त्यात दोनशे फोटो पाण्याच्या गोल गोल वलयांचे. मी फोन पिशवीत टाकला आणि वही काढली. सवयच आहे, वेळ, जागा, संख्या.

कारण मोजणं हे माझं जुनं काम. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणजे शिकवण्यासोबत निवडणूक, सर्व्हे आणि जनगणना हे आलंच. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांना मी प्रगणक होते. लोकांना वाटतं काय त्यात, दार वाजवायचं, फॉर्म भरायचा. पण २८ फेब्रुवारी २०११ ची रात्र मी विसरणार नाही, त्या रात्री बेघर माणसांची मोजणी होती, देशभर एकाच रात्री. आम्ही एसटी स्टँडवर, पुलाखाली, देवळाच्या ओट्यांवर टॉर्च घेऊन फिरलो. एक म्हातारे गृहस्थ स्टँडवर नोंदवले आणि तासाभराने रेल्वे स्टेशनबाहेर एकजण पांघरूण घेऊन झोपलेला दिसला, मी फॉर्म काढलासुद्धा, तेवढ्यात पायाशी ठेवलेल्या चपलेकडे लक्ष गेलं. डाव्या चपलेला सुतळी बांधलेली. तेच बाबा, चालत इकडे आले होते. ती सुतळी दिसली नसती तर देशाच्या लोकसंख्येत एक माणूस जास्त झाला असता.

तर आता सांगा, सोंसच्या चपलेची सुतळी कुठून आणायची? नऊ वाजून दहा मिनिटांनी खडकाच्या डाव्या अंगाला एक पाठ वर आली. सव्वानऊला उजव्या अंगाला एक. मग पुन्हा डाव्या. मधे नावेच्या मागून आवाज आला, वळेपर्यंत काही नाही. भाची प्रत्येक वेळी आनंदाने ओरडून एक आकडा वाढवत होती. तिचं गणित चुकीचं कसं म्हणू, तिने जे बघितलं ते मोजलं. चाचा मात्र पाण्याकडे बघत शांतपणे सांगायचे, हा मघाचाच, आता तिकडे निघेल, आणि तो तिकडेच निघायचा. त्यांना कळतं कसं विचारलं तर म्हणाले, श्वास घेतल्यावर तोंड कुठल्या दिशेला करून खाली गेला ते बघायचं आणि मनात मोजत राहायचं. साधारण मिनिट-दीड मिनिटाने तो वर येणारच, मासा नाही तो, हवा लागतेच. त्या वेळात तो किती लांब जाऊ शकतो याचा अंदाज त्यांच्या हाडात मुरलाय. समुद्रातल्या डॉल्फिनना अभ्यासक पंखावरच्या खाचांवरून ओळखतात म्हणे, याला ओळखायला पंखही नाही आणि वेळही नाही.

मागच्या वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, देशातल्या नदी-डॉल्फिनच्या पहिल्या मोठ्या गणनेचा आकडा जाहीर झाला, ६,३२७. आठ राज्यं, २८ नद्या, साडेआठ हजार किलोमीटरहून जास्त नदी, २०२१ ते २०२३ या काळात. उत्तर प्रदेशात २,३९७, बिहारमध्ये २,२२०, पश्चिम बंगाल ८१५, आसाम ६३५, झारखंड १६२, राजस्थान-मध्य प्रदेश मिळून ९५ आणि पंजाबात ३. पेपरात वाचला तेव्हा मी तो आकडा वाचून पान उलटलं होतं. नावेत बसल्यावर कळलं की तो आकडा कशाचा बनलाय. साडेआठ हजार किलोमीटर नदीवर माणसं नावेत बसून एकेका सेकंदाच्या पाठी टिपत गेली. एकाच नावेवर निरीक्षकांचे दोन गट, एकमेकांना न सांगता मोजायचं आणि नंतर नोंदी ताडून बघायच्या, म्हणजे एकाच्या नजरेतून किती निसटतात याचा अंदाज येतो. शिवाय पाण्यात सोडलेले माइक, कारण हा प्राणी दिसत नसला तरी खाली सतत टक-टक आवाज करत असतो. त्याच्या डोळ्याला भिंगच नसतं, उजेड-अंधार कळतो तेवढंच. गढूळ नदीत डोळ्याचं कामही काय, आवाज सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा, खडक, तळ सगळं ताडायचं. पोहतोही कधीकधी कुशीवर वळून, एक पर तळाला घासत, अंधारात भिंतीला हात लावून चालावं तसा.

आणि पंजाबातले ते तीन. ते सिंधूच्या जातीचे, बियास नदीत. तीन हा आकडा मला त्या सगळ्या यादीत बोचला. वर्गात पटावर तीन मुलं उरली की शाळेचं काय होतं ते मी पाहिलंय.

दुपारी वाळूच्या बेटावर नाव लावली. पलीकडे चक्रवाकांच्या जोड्या उन्हात बसलेल्या, नारिंगी रंगाच्या. भावजयीने दही-चुडा बांधून दिला होता, चुडा म्हणजे आपले पोहेच, पण इथल्या कतरनी तांदळाचे, त्यांना आपल्या आंबेमोहोरासारखा वास असतो, नुसतं दही आणि गूळ घालून खायचे. चाचांना धपाटा दिला तर त्यांनी अर्धा खाऊन अर्धा घरी न्यायला कागदात बांधला.

जेवताना ते नदीबद्दल बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी इथे गंगेच्या पाण्याची जमीनदारी होती. मला आधी वाटलं माझी हिंदी कमी पडतेय. पण खरंच, सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंतच्या पाण्यावर खाजगी मालकी सांगितली जायची, पानीदार म्हणायचे, आणि जाळं टाकायचं तर त्यांना कर द्यायचा. देश स्वतंत्र झाला, जमिनीची जमीनदारी गेली आणि वाहत्या पाण्याची मात्र राहिली. १९८२ साली याच कहलगावात मच्छिमारांनी गंगा मुक्ती आंदोलन सुरू केलं, जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनी या युवक संघटनेतली मुलं त्यांच्यासोबत उभी राहिली. वाहिनी म्हटल्यावर मला आमच्याकडची ती सगळी पिढी आठवली, शबनम पिशवीवाली. जवळपास दहा वर्षं लढून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा कर गेला. आणि बघा, याच सुमारास याच पाण्याचं अभयारण्य झालं. ज्या पाण्यासाठी आपण एवढं लढलो ते हातात येतंय न येतंय तोवर त्यावर नवे नियम आले, हे त्यांच्या बाजूने बघितलं तर सोपं नाहीये. मला प्रामाणिकपणे वाटतं की शहरात बसून "मच्छिमारांमुळे डॉल्फिन मरतात" असं लिहिणाऱ्यांनी एकदा या वाळूवर बसून जेवावं.

म्हणजे जाळ्यात मरतात हे खरंच आहे, चाचांनी ते लपवलंही नाही. त्यांनी नावेच्या फळीखालून नायलॉनचं जाळं काढून माझ्या हातात दिलं. धागा इतका बारीक की बोटांना लागतो पण उन्हात धरला तरी डोळ्याला सापडत नाही. माझ्या बोटात तो अडकला आणि सोडवायला गेले तर आणखी दोन गाठी बसल्या. सोंसच्या आवाजालाही हा धागा नीट सापडत नाही, मासा दिसतो पण माशाभोवतीचं जाळं नाही, चोच अडकते, वर येता येत नाही आणि पाण्यात राहणारा तो जीव पाण्यातच गुदमरतो. चाचांच्या जाळ्यात एकदा पिल्लू आलं होतं, मेलेलं. त्या दिवसाबद्दल ते एवढंच म्हणाले की घरी जाऊन जेवलो नाही. पूर्वी सोंसची चरबी काढून तिचं तेल बचवा मासा पकडायला वापरायचे, तेलाच्या वासाला मासा वर येतो. पाटण्याचे प्राध्यापक आर. के. सिन्हा, ज्यांना सगळे डॉल्फिन मॅन म्हणतात आणि २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी माशांच्याच टाकाऊ भागांचं तेल काढून तेच काम होतं हे दाखवलं. मला हा माणूस यासाठी मोठा वाटतो, की त्यांनी नुसतं "मारू नका" असं सांगितलं नाही, त्या बदली हातात काय घ्यायचं तेही दिलं.

चाचांच्या वडिलांच्या जाळ्यात हिलसा यायचा. समुद्रातून गंगेत चढत वर येणारा मासा. १९७५ मध्ये खाली बंगालात फरक्क्याला बॅरेज म्हणजे दरवाजांचा मोठा बंधारा झाला आणि हिलसा इकडे यायचा जवळजवळ थांबला. सोंसचंही तेच, दरवाजे आले की वरचे वर आणि खालचे खाली.

साधारण तीनला आम्ही परत खडकांपाशी होतो तेव्हा एक मोठं मालवाहू बार्ज गेलं. प्रयागराज ते हल्दिया, १,६२० किलोमीटर, हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एक आहे, बरोबर याच पात्रातून जाणारा. बार्ज दिसायच्या आधी त्याची धडधड नावेच्या लाकडातून माझ्या मांडीला जाणवली. ते गेलं, लाटा खडकावर आपटल्या, आणि त्यानंतर माझ्या वहीत वीस मिनिटं एकही नोंद नाही. बार्जमुळेच असं एका दिवसाच्या वहीवरून म्हणणं बरोबर होणार नाही. पण बिहारमधल्या गंगेतच केलेला २०१९ सालचा एक अभ्यास आहे, की उन्हाळ्यात पाणी उथळ झालं की जहाजांचा आवाज फार भिडतो, डॉल्फिनना स्वतःचे आवाज बदलावे लागतात आणि त्यात त्यांची जास्त ताकद खर्च होते. मी वर्गात शिकवताना बाहेर लग्नाची वरात आली की काय व्हायचं ते आठवलं, गळा फाडून बोलायचं आणि तरी मागच्या बाकापर्यंत पोचायचं नाही. इथे तर बोलणं हेच बघणं आहे.

मग ते झालं ज्यासाठी मी एवढा प्रवास केला असं आता वाटतं. चाचांनी नुसती भुवई वर केली. नावेपासून पंधरा-वीस फुटांवर आधी एक मोठी पाठ, आणि तिला चिकटून, तिच्या श्वासाच्या मागोमाग, एक छोटं चॉकलेटी डोकं सरळ वर. मोठे डोकं फारसं दाखवत नाहीत, पण पिल्लांना अजून ते जमत नाही, अख्खी चोच बाहेर. लांब, चिमट्यासारखी, कडेने बारीक दात, त्यावरून पाणी ओघळतंय. डोळा म्हणून जे होतं ते टाचणीच्या टोकाएवढं. आणि तो छोटा आवाज, सूंस, मोठीच्या आवाजापेक्षा कितीतरी हलका. बस, एवढंच. भाचीने पहिल्यांदा आकडा ओरडला नाही. हळूच म्हणाली, "आत्या, त्याला माहितीय का आपण इथे आहोत?" म्हणलं, आपली नाव त्याला केव्हाच ऐकू आली असेल. दोन-तीन वर्षांतून एकदा, एकच पिल्लू होतं त्यांना. चाचांनी वल्हं पाण्यातून काढून मांडीवर आडवं ठेवलं होतं, थेंब त्यांच्या लुंगीवर पडत होते.

मला मोजणीबद्दल अजून एक सांगायचंय. २००६ साली चीनमध्ये यांग्त्से नदीत अशीच गणना झाली, तिथल्या बाइजी डॉल्फिनची. दोन बोटी, दुर्बिणी, पाण्यात माइक, सहा आठवडे, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. आकडा आला शून्य. त्याआधी नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेरा दिसले होते. ती माणसं रोज सकाळी दुर्बीण लावून उभी राहत असतील, संध्याकाळी कोरा रकाना भरत असतील, आज नाही, आज नाही, असं सहा आठवडे. मला त्या प्रगणकांच्या हातांचा विचार येतो.

आणि दुसऱ्या टोकाला सम्राट अशोक. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी आहे, त्यात गंगापुपुटक असं एक नाव आहे, ते म्हणजे हाच असं अभ्यासक मानतात. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी याचं नाव यादीत घालावंसं वाटलं होतं.

परतताना ऊन खडकांवरून उतरलं होतं, वीज प्रकल्पाच्या चिमण्या काळ्या दिसायला लागल्या होत्या. चाचांनी विचारलं, "तो कितना हुआ दीदी?" मी वही उघडली. वहीत एकोणीस नोंदी होत्या, एकोणीस वेळा पाठ, डोकं किंवा नुसतं पाणी हललेलं. भाची म्हणाली अकरा, तिने पाण्याची वलयं सोडून दिली होती. चाचा म्हणाले चार, तीन मोठे आणि एक बच्चा. मी एकूणच्या रकान्यात चार लिहिलं, मग भाचीचा चेहरा बघून शेजारी तिचं नाव आणि अकरा लिहिलं, आणि नोंदी तशाच ठेवल्या, एकही खोडली नाही.

घाटाला नाव लागली, भाऊ दोर बांधायला उतरला, घंटा सुरू झाल्या होत्या. मी अजून फळीवरच होते. अंधारात डाव्या हाताला, बऱ्याच लांबून, एकदाच आला. चाचांनी पण मान वळवली. मी टॉर्चच्या उजेडात वही पुन्हा उघडली आणि लिहिलं, सहा वाजून पाच मिनिटं, घाटाजवळ, आवाज एक, दिसला नाही.